थायलंडमधली ९० दिवसांची नोंद, पत्त्याची नोंद आणि उशिराचा दंड: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडून थायलंडच्या कारखान्यांत गेलेले, हुपरीहून चांदीच्या धंद्यासाठी बँकॉकला राहणारे, शिकवायला गेलेले आणि त्यांच्यामागं इथं राहिलेले आईवडील यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. बहुतेक घोटाळ्यांचं मूळ एकच असतं. थायलंडमध्ये परदेशी माणसामागं तीन वेगवेगळ्या मुदती चालतात: मुक्कामाची, ९० दिवसांची आणि पत्त्याच्या नोंदीची. एक पाळली म्हणजे दुसरी पाळली असं होत नाही आणि तिन्हींचा दंडही वेगळा.

१. ९० दिवसांची नोंद म्हणजे काय? ती कुणाला करावी लागते?

थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३७ नुसार, तात्पुरत्या परवानगीवर राहणारा परदेशी माणूस सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिला, तर ‘मी अजून इथंच आहे आणि माझा पत्ता हा’ असं इमिग्रेशनला कळवायचं असतं. पुढं दर ९० दिवसांनी पुन्हा. अर्जाचं नाव टीएम ४७. वेळेत केली तर नोंद फुकट आहे.

नोकरीचा नॉन-बी, कुटुंबाचा नॉन-ओ, शिक्षणाचा नॉन-ईडी या सगळ्यांना ती लागते. कायम रहिवास मिळालेल्यांना लागत नाही. एलटीआर (दीर्घ मुदतीच्या रहिवासाच्या) व्हिसावाल्यांना ९० दिवसांऐवजी वर्षातून एकदा कळवावं लागतं.

२. दिवस कुठून मोजायचे? व्हिसा लागल्या तारखेपासून का?

नाही. थायलंडमध्ये उतरल्याचा शिक्का ज्या तारखेचा, तो पहिला दिवस. १ जूनला उतरलात तर २९ ऑगस्ट हा नव्वदावा. नोंद त्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येते, म्हणजे या उदाहरणात १४ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर. कॅलेंडरवर तीन महिने मोजू नका. ३१ तारखेचे महिने मधे आले की हिशेब दोन दिवसांनी चुकतो.

पहिल्या नोंदीनंतर हा हिशेब घरी करायची गरज राहत नाही. मिळालेल्या पावतीवर पुढची तारीख छापलेली असते आणि तीच धरायची. एखाद्या कागदावर साल २५६९ असं दिसलं तर घाबरू नका, ते बौद्ध साल आहे. ५४३ वजा केले की २०२६.

३. नोंद कुठं करायची आणि कागद कोणते?

तीन वाटा आहेत.

प्रत्यक्ष जाऊन: तुम्ही ज्या प्रांतात राहता तिथली इमिग्रेशन कचेरी. बँकॉकवाल्यांसाठी चेंग वत्तना. भरलेला टीएम ४७, मूळ पासपोर्ट, फोटो-व्हिसा-शेवटचा प्रवेश शिक्का-मुदतवाढीचा शिक्का या पानांच्या सही केलेल्या प्रती आणि आधीची पावती. स्वतः जाणं जमत नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवता येतं. कंपनीचा एचआरवाला बहुतेक वेळा हेच करतो. त्याच्याकडं मूळ पासपोर्ट द्यावा लागतो, म्हणून देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

पोस्टानं: तारखेच्या किमान १५ दिवस आधी रजिस्टर पोस्ट. वरच्याच प्रती, आधीची मूळ पावती आणि १० बातचं (बात हे थाई चलन) तिकीट लावलेलं स्वतःच्या पत्त्याचं पाकीट. पासपोर्ट पाठवायचा नाही. पोस्टाची पोचपावती जपून ठेवा, पाकीट गहाळ झालं तर तेवढाच पुरावा हातात राहतो.

ऑनलाइन: थाई इमिग्रेशनच्या टीएम ४७ साइटवर. पत्त्याचा शेवट ‘गो डॉट टीएच’ असा नसेल तर ती साइट सरकारी नाही. पहिली नोंद प्रत्यक्ष करा, नंतरच्या ऑनलाइन. तारखेनंतरचे ते सात दिवस काउंटरवर जाणाऱ्यांसाठी आहेत, ऑनलाइनवाल्यांनी ते धरू नयेत. १५ दिवस आधी खिडकी उघडली की त्याच दोन-तीन दिवसांत अर्ज टाका. नामंजूर झाला तरी कचेरीत जायला वेळ हातात राहतो. शेवटच्या दिवशी टाकलेला अर्ज नामंजूर झाला की माणूस कामावरून सुट्टी काढून पळतो.

४. ऑनलाइन अर्ज नामंजूर होतोय किंवा माहिती जुळत नाही म्हणतोय. काय चुकतंय?

आपल्या लोकांच्या बाबतीत पहिला संशय नावावर घ्या. भारतीय पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. थाई अर्जात मात्र नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन रकाने आहेत. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तुमची नोंद कशी घेतली त्यावर अर्ज जुळणं अवलंबून असतं. आधी पासपोर्टच्या तळाच्या बाणांच्या ओळीत जसं आहे तसं, म्हणजे दोन्ही नावं पहिल्या रकान्यात भरून पाहा. नाही जुळलं तर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाका. आडनावाचा रकानाच कोरा असलेले काही जुने पासपोर्ट अजून चालू आहेत. त्यांनी ऑनलाइनच्या नादी न लागता थेट काउंटर गाठावा.

दुसरं कारण पत्ता. प्रांत, जिल्हा आणि उपजिल्हा यादीतून निवडायचे असतात आणि इंग्रजी स्पेलिंग घरभाड्याच्या करारावर एक, यादीत दुसरं असतं. घरमालकानं पत्त्याची नोंद करताना (प्रश्न ११) जे भरलंय तेच इथं भरा. तिसरं कारण प्रवेशाची तारीख: लोक पहिल्यांदा थायलंडला आल्याची तारीख टाकतात, हवी असते शेवटच्या प्रवेशाची. चौथं कारण नवा पासपोर्ट, त्यासाठी प्रश्न १५.

५. पावती मिळाली. म्हणजे मुक्काम आणखी ९० दिवस वाढला ना?

नाही, आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. ही पावती मुक्काम वाढवत नाही. मुक्काम किती, ते पासपोर्टमधल्या शिक्क्यावरची ‘अमुक तारखेपर्यंत प्रवेश’ ही तारीख ठरवते, किंवा मुदतवाढ घेतली असेल तर मुदतवाढीचा शिक्का. पावतीवर पुढची तारीख १० नोव्हेंबर आणि मुक्कामाचा शिक्का २० ऑक्टोबरचा असेल, तर २१ ऑक्टोबरपासून तुम्ही बेकायदा आहात. मग दंड प्रश्न १३ चा लागतो, ६ चा नाही.

ई-व्हिसाच्या कागदावरची ‘वैध’ तारीखसुद्धा मुक्कामाची नसते. ती तारीख येईपर्यंत देशात शिरायचं असतं, इतकंच. फोनवर रिमाइंडर लावायचे तर शिक्क्याची आणि पावतीची अशा दोन तारखांचे लावा.

६. नोंद उशिरा झाली. दंड किती?

तारखेनंतरचे सात दिवसही उलटले आणि तुम्ही स्वतःहून कचेरीत गेलात, तर दंड २००० बात. आपल्याकडच्या पैशात साधारण पाच-सहा हजार. जागेवर भरायचा, पावती घ्यायची. एक दिवस उशीर असो की दोन महिने, स्वतः गेल्यावर आकडा बहुतेक हाच असतो.

तपासणीत सापडलात तर कायद्यानं दंड ५००० बातपर्यंत, शिवाय नोंद होईपर्यंत दर दिवसाला २०० बातपर्यंत. त्यामुळं उशीर लक्षात आल्यावर ‘आता पुढच्या नोंदीलाच बघू’ म्हणण्यात काही अर्थ नाही. दंड भरला की विषय मिटतो. निव्वळ या उशिरावरून देशबंदी लागत नाही. बंदी मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल असते.

७. नव्वदावा दिवस सोंगक्रानच्या सुट्टीत येतोय. मग?

१३ ते १५ एप्रिल सरकारी कचेऱ्या बंद असतात आणि सुट्टीच्या दोन्ही बाजूंना रांगा लागतात. त्यासाठीच पुढचे-मागचे मिळून तीन आठवडे दिलेले आहेत. मार्चअखेरीलाच उरकून घ्या.

८. गणपतीला पंधरा दिवस गावी येणार आहे. नव्वदावा दिवस नेमका तेव्हाच आहे. कोल्हापुरातून नोंद करायची का?

करायची गरज नाही. देश सोडला की मोजणी संपते आणि परत उतरल्याच्या दिवसापासून एकपासून सुरू होते. दसऱ्याला, दिवाळीला आलात तरी हेच, आणि दोन दिवसांसाठी मलेशियाला गेलात तरी हेच. जुन्या पावतीवरची तारीख मग धरायची नाही. ऑनलाइन अर्जात ती तारीख धरून बसल्यामुळं बरेच जण उगाच गोंधळतात.

निघण्याआधीच सात दिवस उलटून गेले असतील तर दंड भरून, पावती घेऊनच निघा. परत आल्यावर मुदतवाढीच्या टेबलावर जुना विषय निघू नये.

९. गावी येण्याआधी आणखी काही करावं लागतं का?

हो, री-एन्ट्री परमिट, आणि हे विसरलं तर नोंदीच्या दंडापेक्षा फार मोठा फटका बसतो. वर्षाच्या मुदतवाढीवर किंवा एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर असाल आणि परमिट न काढता देश सोडलात, तर उरलेली सगळी परवानगी त्याच क्षणी रद्द होते. मुंबईतल्या थाई वकिलातीसाठी ई-व्हिसाचा अर्ज पहिल्यापासून करावा लागतो. अर्ज टीएम ८, एका फेरीला १००० बात, कितीही फेऱ्यांना ३८०० बात. इमिग्रेशन कचेरीत काढा. सुवर्णभूमी विमानतळावरही काउंटर आहे, पण रात्रीच्या विमानाआधी तिथं रांगेत उभं राहण्याचा भरवसा धरू नका. घरी काही बरं-वाईट झालं तर तासाभरात निघावं लागतं, म्हणून ज्यांचे आईवडील थकलेत त्यांनी ३८०० चंच काढून ठेवावं.

१०. वर्षाची मुदतवाढ नुकतीच झाली. त्यातच ९० दिवसांची नोंद धरली जाते का?

त्या प्रवेशानंतरची पहिलीच मुदतवाढ असेल, तर तिचा अर्ज पहिली नोंद म्हणून धरतात. टीएम ४७ च्या सूचनांतच तसं लिहिलेलं आहे. दुसऱ्या वर्षीची, तिसऱ्या वर्षीची मुदतवाढ तशी धरली जात नाही. नोंद वेगळी करावी लागते. मुदतवाढीचं शुल्क १९०० बात, अर्ज टीएम ७. त्याच दिवशी काउंटरवर ‘नव्वद दिवसांची तारीख कुठली?’ असं विचारून पावती मागून घ्या.

११. टीएम ३० काय भानगड आहे? हॉटेलात तर कधी कुणी विचारलं नाही.

टीएम ३० म्हणजे पत्त्याची नोंद. हॉटेलवाला ती स्वतःच करतो म्हणून तुम्हाला कळत नाही. कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवणं ही घरमालकाची, घराचा ताबा असलेल्याची किंवा हॉटेलच्या व्यवस्थापकाची जबाबदारी आहे. घरमालकानं न कळवल्यास दंड २००० बातपर्यंत, हॉटेलला २००० ते १०,००० बात.

नोंद ऑनलाइन किंवा कचेरीत होते. मालकाचं ओळखपत्र, घराचं निळं पुस्तक (सरकारी घरनोंदणीची पुस्तिका), भाडेकरार आणि तुमच्या पासपोर्टची पानं लागतात. पावतीचा तुकडा मालकाकडं न ठेवता स्वतःकडं घ्या. मुदतवाढीच्या वेळी तो तुमच्याकडं मागतात. घर बदललं की पुन्हा २४ तासांत. गावाहून परत त्याच घरी आलात तर २०२० च्या शिथिल नियमांनुसार, परवानगी चालू असताना पुन्हा नोंद लागत नाही. तरी काही कचेऱ्या ताजी पावती मागतातच. मालक ऑनलाइन करत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, करून घ्या.

१२. घरमालक टीएम ३० करायला टाळतोय. दंड त्याला, मग मी का काळजी करू?

कागदावर दंड त्याचा, अडतं तुमचं. पावतीशिवाय मुदतवाढ पुढं सरकत नाही आणि कामाचा खोळंबा नको म्हणून बरेच भाडेकरू शेवटी दंड स्वतःच्या खिशातून भरतात. काही मालक भाड्याचं उत्पन्न उघड होईल या धास्तीनं टाळतात. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधीच विचारा आणि करारात एक ओळ घालून घ्या. भाडं हजारभर बात कमी, पण टीएम ३० नाही, असा सौदा करू नका. आधीच अडकला असाल तर करार आणि मालकाच्या कागदांच्या प्रती घेऊन स्वतः कचेरीत जा. ताबा तुमच्याकडं आहे म्हणून बऱ्याच ठिकाणी नोंद करून देतात.

विमानात बसण्याआधी भरलेलं टीडॅक कार्ड इथं कामाचं नाही. १ मे २०२५ पासून सुरू झालेलं हे ऑनलाइन कार्ड उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, फुकट भरायचं असतं आणि ते फक्त प्रवेशापुरतं आहे. त्यानं टीएम ३० होत नाही, ९० दिवसांची नोंदही नाही.

१३. मुक्कामाची तारीखच उलटून गेली. आता?

हा ओव्हरस्टे. दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,००० बात. म्हणजे १२ दिवसांचे ६०००, आणि ४० दिवसांना आकडा कमाल मर्यादेला टेकतो. तिथून पुढं पैसे वाढत नाहीत म्हणून काही जण निवांत बसतात. पण बंदीचे दिवस वाढतच असतात.

स्वतःहून विमानतळावर दंड भरून निघालात तर: ९० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टेला १ वर्ष बंदी, एका वर्षापेक्षा जास्तीला ३ वर्षं, तीनपेक्षा जास्तीला ५, पाचपेक्षा जास्तीला १०. पोलिसांनी पकडलं तर एका वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षं आणि वर्षावर असेल तर १० वर्षं. मार्च २०१६ पासून हे लागू आहे. शिवाय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि हद्दपारीपर्यंत कोठडी. एका दिवसाचा ओव्हरस्टे असताना नाक्यावर सापडणं हे ८० दिवस राहून स्वतः विमानतळावर जाण्यापेक्षा वाईट. त्यामुळं तारीख गेल्याचं कळताच तिकीट काढा, दंडाची रोकड बातमध्ये जवळ ठेवा आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

१४. नोकरी सोडली. व्हिसाचे अजून चार महिने शिल्लक आहेत. तेवढे राहता येईल ना?

नोकरीच्या जोरावर मिळालेली मुदतवाढ नोकरीबरोबर संपते. कंपनीनं कळवलं की कामाचा शेवटचा दिवस तोच मुक्कामाचा शेवटचा दिवस. शिक्क्यावर चार महिने दिसले तरी. आवराआवरीसाठी १९०० बात भरून ७ दिवस मागता येतात. अवलंबित व्हिसावरच्या बायको-मुलांची परवानगीही तुमच्याबरोबरच जाते, हे राजीनाम्याच्या घाईत विसरलं जातं. मुलांची परीक्षा असेल तर राजीनाम्याची तारीख त्याप्रमाणं ठरवा. दुसरी कंपनी ठरली असेल तर दोन्ही एचआरना एकमेकांशी बोलायला लावा. कामाचा परवाना कामगार खात्याचा, मुक्काम इमिग्रेशनचा. दोन्ही एकाच दिवशी रद्द करून नव्यानं करायचे असतात.

१५. सुट्टीत येऊन पासपोर्ट नवा केला. जुन्यावर व्हिसा आहे. नोंद कशी होणार?

दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा. जुना इथं रद्द करताना व्हिसाची आणि री-एन्ट्रीची पानं कापली जाणार नाहीत याकडं लक्ष द्या. उतरताना दोन्ही दाखवा. मग कचेरीत जाऊन जुन्याचे शिक्के नव्यावर घ्यायचे. त्यानंतरची पहिली ९० दिवसांची नोंद प्रत्यक्षच करा, कारण ऑनलाइन यंत्रणेत नव्या नंबरला मागचं काहीच जोडलेलं नसतं. टीएम ३० पण नव्या नंबरानं करून घ्या. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर बरोबर ठेवा.

१६. आम्ही दोघं मुलाकडं दोन महिने राहायला चाललोय. आम्हाला यातलं काय लागतं?

९० दिवसांची नोंद लागत नाही, तेवढं तुम्ही राहतच नाही. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले, पण हे आकडे सरकार बदलत असतं. विमानतळावरचा शिक्का वाचा आणि त्यावरची तारीख मुलाला फोटो काढून पाठवा. मुलाच्या घरी उतरलात की २४ तासांत तुमच्या दोघांच्या नावानं टीएम ३० हवा (प्रश्न ११). मुक्काम वाढवायचा तर तारखेच्या आधी १९०० बात प्रत्येकी. तेव्हा ही टीएम ३० पावती मागतील.

१७. बायको आणि दोन मुलं बरोबर आहेत. एकच अर्ज चालेल?

प्रत्येक पासपोर्टला वेगळा टीएम ४७. तारखाही तपासा. बायको-मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन गेली असतील तर त्यांची मोजणी तुमच्यापेक्षा वेगळी चाललेली असते.

१८. एजंट ‘सगळं सेट करतो’ म्हणतोय. त्याला काम द्यावं का?

वेळेतली नोंद फुकट आहे, तेव्हा एजंट पैसे घेतो ते फक्त रांगेत उभं राहण्याचे. दिवसाची मजुरी बुडण्यापेक्षा ते परवडत असेल तर द्या. पण ‘पासपोर्ट द्या, शिक्का आणतो, तुम्ही यायचं नाही’ असं मुदतवाढीबाबत किंवा ओव्हरस्टेबाबत कुणी म्हणालं तर पासपोर्ट हातातून सोडू नका. शिक्का खोटा निघाला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं आणि तो मग निव्वळ दंडाचा विषय राहत नाही.

१९. सून थाई आहे. महिनाभर आमच्या घरी, रुईकर कॉलनीत राहणार आहे. आपल्याकडं असा काही नियम आहे का?

आहे आणि तो घरच्यांनाच लागू होतो. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत घरमालकानं ऑनलाइन माहिती भरायची, ज्याला सगळे अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेल-लॉजपुरता हा नियम आहे असा समज आहे, पण घरगुती मुक्कामालाही तो लागतो. भारत सरकारच्या एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) साइटवर घराच्या नावानं एकदा खातं उघडावं लागतं. त्याला मंजुरी मिळायला वेळ लागतो, म्हणून ती यायच्या आठवडाभर आधी उघडा. तिचा पासपोर्ट, भारताचा व्हिसा, भारतात उतरल्याची तारीख आणि पुढं कुठं जाणार ते भरायचं. गेल्यावर निघाल्याची नोंदही करा.

महिनाभरासाठी तिला स्वतःची नोंदणी करावी लागत नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला आली, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी लागते. आपल्या जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेकडं येतं आणि अर्ज मात्र ऑनलाइन सुरू होतो. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर ही नोंदणी नको.